स्टार्टअप बुडतं, तेव्हा उधारी कोणाची बुडते?

माझ्या मामाचं लालबागमध्ये कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी घरपोच किराणा देणाऱ्या एका नव्या ॲपवाल्यांनी त्याच्याकडून सहा कॉम्प्युटर, राउटर आणि बिलाचे प्रिंटर नेले. निम्मे पैसे रोख, निम्मे "फंडिंग आलं की". मामा खूश! धंदा वाढला म्हणून त्याने होलसेलवाल्याकडून आणखी माल उचलला, हाताखाली एक मुलगा ठेवला. आठ महिन्यांत ॲप बंद. उधारी बुडालीच, वर त्याच प्रिंटरची जुन्या बाजारात निम्म्या भावाने विक्री सुरू झाली. मामाचा नवा माल तसाच पडून राहिला. मुलाला घरी पाठवावं लागलं.

मामा म्हणतो, "मीच मूर्ख." मला तसं वाटत नाही. अहो, सिस्कोसुद्धा यात फसली! राउटर बनवणारी ही अमेरिकन कंपनी मार्च २००० मध्ये बाजारमूल्यात काही काळ जगात पहिली होती. मग डॉटकॉम कंपन्या धडाधड बंद पडल्या. २००१ मध्ये सिस्कोला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरच्या जादा मालावर पाणी सोडावं लागलं, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. बुडालेल्या कंपन्यांचे जवळजवळ कोरे राउटर लिलावात स्वस्तात मिळू लागले. मामाचीच गोष्ट, फक्त शून्यं जास्त.

माझं म्हणणं एवढंच की अशी वाढ ही वाढ नसतेच. ॲपवरून किराणा मागवणारी माणसं पुरेशी नव्हती. मामापर्यंत पोहोचत होता तो गुंतवणूकदाराचा पैसा. तो आटला की साखळीतलं शेवटचं दुकान आधी कोरडं पडतं. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलं की काय होतं, हे ताप्ती मिल बंद पडलेली पाहणाऱ्या लालबागला कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, धंद्यात रिस्क असतेच. मान्य. पण रिस्क घेतली संस्थापकाने, आणि फेडतोय मामा! नोव्हेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या टायनीआउलने पुण्याचं ऑफिस बंद करायला घेतलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी हिशोबासाठी एका संस्थापकाला ऑफिसातच अडवून धरलं. ते चूक की बरोबर, हा वेगळा वाद; पण निदान त्याची बातमी झाली. पुरवठादाराची बातमीही होत नाही. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण मालाची नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या मामासारख्या दुकानदाराला त्याचा आधार मिळत नाही.

मामाने आता नियम केलाय: नव्या कंपनीला पूर्ण ॲडव्हान्सशिवाय माल नाही. म्हणजे उद्या एखादा प्रामाणिक पोरगा आला, तरी तो रिकाम्या हाताने परत जाणार. बुडवणाऱ्याने त्याचंही नुकसान केलंच ना?

आपल्या वर्गातही दोघं-तिघं स्टार्टअपचं प्लॅनिंग करतायत. जरूर करा. फक्त प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड वाढवा: बंद पडलो, तर आधी कोणाचे पैसे देणार?