‘ध’चा ‘मा’ : एका अक्षराआड दडवलेला विश्वासघात

१/ ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहून आलेली आपली पिढी पेशवाईतही एक सर्सी शोधते आणि तिला ती आनंदीबाईंमध्ये चटकन सापडते. नवऱ्याच्या गादीसाठी ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारी कपटी स्त्री! ही कथा सोयीची आहे. कोणाच्या सोयीची, ते सांगण्यासाठी हा थ्रेड.

२/ आधी घटना. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव जीव वाचवण्यासाठी काका रघुनाथरावांकडे धावले. तेथेच त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांत सुमेरसिंग गारद्याबरोबर रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवारही होता.

३/ दंतकथा म्हणते, रघुनाथरावांनी केवळ ‘धरावे’ असे लिहिले होते. क्षणभर हे खरे मानू. सत्तेवरील पेशव्याला, सख्ख्या पुतण्याला, पगारी शिपायांकरवी कैद करणे हा विश्वासघात नव्हे काय? अक्षर बदलण्यापूर्वीच तो पूर्ण झालेला होता. ‘मा’ची चर्चा आपण इतकी केली, की ‘ध’ निर्दोष ठरला.

४/ आणि हा पहिला प्रसंग नव्हता. १७६२ मध्ये रघुनाथरावांनी निजामाची मदत घेऊन माधवरावांना आळेगावी नमवले. १७६८ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यातील धोडपला ते पुन्हा पुतण्याविरुद्ध उभे राहिले, हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. ही सारी बंडेही बायकोनेच लिहून दिली होती काय?

५/ समकालीनांनी दोष कोणाला दिला? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी मानले आणि पद सोडून पुणे सोडले. खुनानंतर पेशवाईची वस्त्रे मिळाली तीही रघुनाथरावांनाच. पुढे गादी टिकवण्यासाठी त्यांनी १७७५ मध्ये सुरतेच्या तहात इंग्रजांना साष्टी आणि वसई देऊ केली.

६/ निष्ठेचेही तसेच. सखारामबापू बोकील हे रघुनाथरावांच्या पक्षाचे; खुनानंतर ते बारभाईंना मिळाले आणि नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंच्या पोटच्या मुलाचा हक्क राखू लागले. हे इमान की बेइमानी? मालिकेतील पात्रांसारखे एकाच रंगात रंगवले, तर हा माणूस समजणारच नाही.

७/ ‘मग आनंदीबाई निर्दोष?’ असे विचाराल. तसे प्रशस्तिपत्र मी देत नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारणात होत्या. त्यांच्यावर संशय घेता येतो. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे आणि वाक्प्रचार म्हणजे दस्तऐवज नव्हे. भाषेनेच ज्यांना शिक्षा ठोठावली, त्यांना अपील कोठे करायचे?

८/ मी अंबडला राहतो. येथून गंगापूर रोडवरचे आनंदवल्ली काही किलोमीटरवर आहे. रघुनाथरावांनी तेथे वाडा बांधला आणि चावंधस गावाला हे नवे नाव दिले. ते पत्नीच्या प्रेमापोटी, असे नाशिककर मानतात. विधवा आनंदीबाईंचा अंत १७९४ मध्ये तेथेच झाला. नवश्या गणपतीला रोज गर्दी असते. ‘आनंदवल्ली’ म्हटले की मात्र आजही लोक डोळे मिचकावून ‘ध चा मा’ म्हणतात.

९/ यापुढे कोणी ती कथा सांगू लागला, तर ‘मा’ कोणी लिहिला हे नंतर विचारा. आधी विचारा : ‘ध’ कोणी लिहिला, आणि का?