कारकुनीची कुचेष्टा

आमच्या सुशिक्षित वर्गांत ‘कारकून’ हा शब्द अजूनहि शिवीसारखाच उच्चारला जातो. विचारवंतानें विचार करावा, वक्त्यानें बोलावें, कार्यकर्त्यानें लोकांत मिसळावें, आणि खर्डेघाशी कोणीतरी मागल्या खोलींत बसून उरकावी, अशी आमची श्रमविभागणी आहे. एरवीं हा एक निरुपद्रवी गर्व म्हणून सोडून देतां आला असता. परंतु मनुष्यविक्रयाविरुद्ध चाललेल्या कामांतहि तो शिरला आहे, सरकारच्या नियमांत त्याला स्थान मिळालें आहे, आणि त्याची किंमत बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांस मोजावी लागते. म्हणून त्याचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम हा व्यापार चालतो कसा हें पाहूं. मनुष्यविक्रय म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें अंधारी रात्र, दोरखंड आणि बंद गाडी उभी राहते. आमच्या जिल्ह्यांत यांतलें कांहीं लागत नाहीं; एक वही पुरते. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपतें, लग्न किंवा दुखणें उभें राहतें, तेव्हां मुकादम येऊन उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूच्या वस्त्यांवरून टोळ्या निघतात त्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडील अगर कर्नाटकांतील कारखान्यांच्या फडांवर जाऊन पडतात. मजुरी टनावारी ठरते. परंतु ती हातीं न पडतां उचलीच्या खात्यांत वळती होते. आजारीपणामुळें काम बुडालें तर खाडा मांडला जातो. हंगाम सरून खातें फिटलें नाहीं तर बाकी पुढल्या सालावर ओढली जाते. हें सारें मुकादमाच्या वहींत नेमानें लिहिलेलें असतें. माणूस बांधणारी बाजू आपली कारकुनी अशी चोख ठेवते. त्याला सोडविणारी बाजू कोणती वही लिहिते, हा आमचा प्रश्न आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, हीं माणसें आपखुशीनें जातात. त्यांस गुलाम कां म्हणतां? प्रत्येक टोळी बांधलेली असते असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु केवळ अंगठा उठविला म्हणजे खुषी सिद्ध होत नाहीं. किमान वेतनाहून कमी मोलानें काम घेणें ही घटनेच्या २३ व्या कलमांत निषिद्ध ठरलेली वेठच होय, आणि भुकेची सक्ति ही सक्तीच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणीं सांगून ठेविलें आहे. राष्ट्रसंघाच्या २००० सालच्या पालेर्मो मसुद्यानें, ज्यावर हिंदुस्थाननें २०११ सालीं पक्की मान्यता दिली, फसवणूक किंवा असहायतेचा फायदा घेऊन मिळविलेली संमति निरर्थक ठरविली. तेव्हां कोणती टोळी मोकळी आणि कोणती बांधलेली, हें व्यासपीठावरून ठरावयाचें नाहीं. उचल किती, तोड किती टनांची, खाडे किती, घरीं परतण्याची मोकळीक होती कीं नव्हती, हें जेथें तारीखवार लिहिलें जाईल तेथेंच तें ठरेल.

कायदा करणारांस ही गोष्ट ठाऊक होती. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याच्या १५ व्या कलमानें, कर्ज वेठबिगारीचें नाहीं हें शाबीत करण्याचा भार सावकारावर टाकला. जिल्ह्यास व उपविभागास दक्षता समित्या नेमल्या, आणि त्याच सालच्या नियमांनीं जिल्हा समितीस चार नोंदवह्या ठेवावयास सांगितलें: मुक्त झालेल्या मजुरांचीं नांवें व पत्ते, त्यांचा धंदा व उत्पन्न, त्यांस मिळालेल्या सवलती, आणि न्यायालयांतील प्रकरणें. याहून शहाणी तरतूद दुसरी कोणती असेल? परंतु वही ठेवा असें लिहिल्यानें वही लिहिली जात नाहीं. मजूर सुटतो कोल्हापुरास किंवा बेळगांवास. त्याचें पुनर्वसन व्हावयाचें असतें धारुरास. मुक्ततेचा दाखला एका कचेरींतून निघावयाचा, तो दुसऱ्या कचेरींत पोंचावयाचा, बेळगांवचा कागद कानडींत असेल तर त्याचा मराठी तर्जुमा व्हावयाचा, आणि बँकेंत खातें उघडावयाचें. केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेंत प्रौढ पुरुषास १ लक्ष, स्त्रिया व मुलें यांस २ लक्ष, आणि अत्यंत पीडितांस ३ लक्ष रुपये ठेविले; परंतु ही मोठी रक्कम गुन्हा शाबीत होण्याशीं जोडली. म्हणजे जबानी नीट लिहिली गेली नाहीं, तारखेस साक्षीदार हजर झाला नाहीं, एक दाखला हरवला, कीं त्या कुटुंबाचे पैसे अडलेच. मग पावसाळा येतो, आणि पाठोपाठ मुकादमहि येतो.

आतां जगाकडे पाहूं. गोऱ्या स्त्रियांच्या व्यापाराविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०४ चा. जिनेव्हाचा करार १९२१ चा. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा १९३० चा. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व तिच्या सहकारी संस्था यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत २ कोटी ७६ लक्ष माणसें सक्तीच्या मजुरींत आहेत. या कामासाठीं परदेशांतून आमच्याकडेहि पैसा येतो. त्याचें काय होतें तें पहा. २०२० सालीं विदेशी देणग्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा शेकडा ५० वरून २० वर आणली गेली. प्रशासकीय खर्च म्हणजे काय, हें २०११ च्या नियमांत सांगितलें आहे: हिशेब ठेवणें, अहवाल लिहिणें व दाखल करणें, वकिलाची फी, टपाल, कागद. रुग्णालयाच्या डॉक्टरचा पगार आणि शाळेच्या शिक्षकाचा पगार मात्र उद्दिष्टाचा खर्च म्हणून त्यांतून वगळला आहे. अगदीं योग्य! परंतु आम्ही विचारतों कीं, रुग्णालयास जसा डॉक्टर, शाळेस जसा शिक्षक, तसा वेठबिगार सोडविणाऱ्या संस्थेस दाखला मिळविणारा, जबानी उतरून घेणारा, न्यायालयाची तारीख सांभाळणारा माणूस नव्हे काय? त्याचें लिहिणें हें कामाचें ओझें नव्हे. तेंच काम होय.

यांतली विसंगति तर पहा. त्याच दुरुस्तीनें मोठ्या संस्थेनें परदेशी पैसा लहान संस्थेस वाटून देण्यास बंदी केली, आणि अशा पैशाचें पहिलें खातें स्टेट बँकेच्या नव्या दिल्लींतील मुख्य शाखेंतच उघडण्याची सक्ति केली. म्हणजे केजच्या एखाद्या लहान संस्थेस स्वतंत्र नोंदणी पाहिजे, दिल्लींत खातें पाहिजे, स्वतंत्र अहवाल पाहिजे. फक्त तें सारें लिहिणाऱ्यास पगार द्यावयास हात आखडता घेतला पाहिजे! कागद वाढवावे आणि कारकून कमी करावा, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

कचेऱ्या पैसा खातात, हा आक्षेप खोटा नाहीं. भाडें, मोटारी आणि मेजवान्या यांवर परोपकाराचा पैसा उडतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या उधळपट्टीस पकडतें कोण? हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा! चोर घरांत शिरतो म्हणून पहारेकऱ्याचा पगार कापण्यासारखीच ही काटकसर झाली. मोटारीचा खर्च आणि अहवाल लिहिण्याचा खर्च यांस एकाच सदरांत कोंबणें, हाच मूळ दोष होय.

आणि कारकुनानें काय साधतें, हें ज्यास पहावयाचें असेल त्यानें कांगोचा इतिहास वाचावा. ई. डी. मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज-कंपनींतला कारकून. बेल्जमच्या लिओपोल्ड राजाच्या कांगोंतून रबर व हस्तिदंत भरून येतात, आणि उलट जहाजांतून जातात त्या मुख्यतः बंदुका व काडतुसें, हें त्यानें मालाच्या आंकड्यांत पाहिलें. आणि जेथें मोबदला जात नाहीं तेथें मजुरी सक्तीची असली पाहिजे, हें अनुमान त्यानें कांगोस न जातां काढलें. १९०४ सालीं त्यानें सुधारणा-मंडळ काढलें. १९०८ सालीं तें राज्य राजाच्या हातून गेलें. एका माणसानें दोन रकाने शेजारीं ठेवून वाचले, तेथून ही चळवळ उभी राहिली.

आम्हां मराठ्यांस तरी हें परक्यांनीं शिकवावयास नको होतें. समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेस एक सबंध समास दिला. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं, म्हणून आम्हांस आमचा इतिहास मिळाला. आणि याच जिल्ह्यांतील आंबेजोगाईस दासोपंतांनीं कापडाची पासोडी अक्षरांनीं भरून काढली. मेलेल्यांच्या कागदांपुढें आम्ही हात जोडतों, आणि जिवंत माणसाचा कागद लिहिणाऱ्यास मात्र खर्डेघाशा म्हणतों!

आमचें मागणें थोडें आहे. ग्रामपंचायतीनें टोळी निघण्यापूर्वीं उचल, मुकादम, कारखाना आणि बरोबर नेलेलीं मुलें यांची नोंद करावी व तिची प्रत मजुराच्या हातीं द्यावी. सरकारनें मुक्ततेच्या कागदांवर होणारा खर्च उद्दिष्टाचा खर्च मानावा. आणि सुशिक्षितांनीं भाषणें थोडीं कमी करून एक काम करावें. दक्षता समितींत जिल्ह्यांतील दोन समाजसेवकांस कायद्यानेंच जागा दिली आहे. ते दोघे कोण, समितीची बैठक केव्हां झाली, आणि त्या चार वह्यांत काय लिहिलें आहे, हें २००५ च्या माहितीच्या कायद्याखालीं जिल्हाधिकाऱ्यांस विचारावें. अर्जास दहा रुपये लागतात. त्या वह्या भरलेल्या निघाल्या तर आनंदच आहे. कोऱ्या निघाल्या तर त्या भरवून घेतल्याखेरीज स्वस्थ बसूं नये; कारण मुकादमाची वही कोरी नसते.