कोणाच्या फोनसाठी?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ‘विज्ञानाने जग जवळ आणले’ हे वाक्य वर्गात ऐकले की मला मात्र सातपूरच्या एका कारखान्याचे फाटक आठवते.

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने कोरोनासाठी ‘आरोग्य सेतू’ हे ॲप काढले. ते अँड्रॉइड आणि आयफोन या दोनच जातींच्या फोनसाठी होते. १ मेच्या आदेशाने ते खासगी नोकरांनाही सक्तीचे झाले. माझ्या वडिलांजवळ बटणांचा फोन! फाटकावर ॲप दाखवता आले नाही, म्हणून ते सायकल वळवून घरी आले. दिवसाचा रोज बुडाला. यात त्यांचा दोष कोणता?

पुढे त्याच मे महिन्यात साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक सुरू झाला, जिओफोनसाठी वेगळी आवृत्ती आली आणि सक्तीही सैल झाली. म्हणजे हे अशक्य नव्हते. फक्त आधी कोणाच्या ध्यानात आले नाही.

संगणक शिकणारे मित्र सांगतात, की प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम वेगळा तयार करावा लागतो, वेगळा तपासावा लागतो आणि पुढे वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहावा लागतो. चार माणसांनी किती यंत्रे सांभाळायची? त्यांची ही अडचण मला मान्य आहे. पण ‘जुन्या यंत्रांवर घेणारे थोडेच’ हा हिशेब मला पटत नाही. ज्यांच्यासाठी आवृत्ती ठेवलीच नाही, त्यांची मोजदाद होणार कशी?

मार्ग काढणारे काढतातच. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ७’ला १४ जानेवारी २०२० रोजी निरोप दिला, तरी मोझिलाने २०२३ मधली ‘फायरफॉक्स ११५’ ही आवृत्ती त्या जुन्या संगणकांसाठी पुढेही सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊन चालू ठेवली. खासगी कंपनीने काय द्यावे हा तिचा प्रश्न. परंतु सरकार जे सक्तीचे करते, ते गरिबातल्या गरिबाच्या यंत्रावर चाललेच पाहिजे. नाही तर सक्ती करू नये.

मित्रहो, उद्या आपल्यापैकीच कोणी कचेरीत बसून असे निर्णय घेईल. त्या वेळी स्वतःच्या हातातला फोन क्षणभर बाजूला ठेवून आई-वडिलांच्या हातातला फोन आठवावा, एवढीच विनंती.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला