वारं नव्हे, झटका!

तर मंडळी, या वीकेंडला डेटाबेस इंडेक्सिंगवर लिहायचं ठरवलं होतं. अर्धा लेख तयारही आहे. पण ते राहू द्या. आज जरा भांडायचंय. तुमच्याशी, गावाशी, आणि सगळ्यात जास्त स्वतःशी.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. गाव पारोळ्याजवळ. धुळं पाऊण तासावर, जळगाव त्याहून थोडं लांब. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, चहाना कप हातमाईन पडी गया. जीभ बी जड व्हयेल व्हती. आते बरं शे." मी मीटिंगमध्ये. कॅमेरा ऑफ, म्यूट ऑन. म्हटलं, "आप्पा, दमला असाल. बीपीची गोळी घ्या, लवकर झोपा. उद्या बघू."

उद्या सकाळी आप्पा नीट उठले, चहा प्यायले आणि साडेसातच्या सुमारास ओट्यावरून खाली कलंडले. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा. घरात एकच वाक्य फिरलं, "वारं लागी गये." खिडक्या लावल्या. गोधडी पांघरली. तेलानं चोळलं. मग शेजारच्या गावच्या एका 'हातगुण'वाल्याकडे नेलं. कुणी म्हणालं, पारव्याचं रक्त लावा. धुळ्याला पोचेपर्यंत संध्याकाळचे पाच. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "नेमकं किती वाजता झालं?" साडेसात म्हटल्यावर ते गप्प झाले.

का गप्प झाले, ते सांगतो. झटक्यांपैकी दहातले आठ-साडेआठ मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे येतात. ही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. १९९५ सालच्या अमेरिकन अभ्यासातून ते ३ तासांच्या आत उपयोगी पडतं हे कळलं, २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. साडेसात अधिक साडेचार म्हणजे दुपारचे बारा. आमच्याकडे रस्ता होता, गाडी होती, हातात साडेचार तास होते. ते आम्ही तेल चोळण्यात घालवले. इंजेक्शन मिळालं असतं तर आप्पा धावले असते असं मी म्हणत नाही, सगळ्यांना तितका गुण येत नाही. पण आम्ही त्यांना ती संधीच दिली नाही. आज ते काठी घेऊन चालतात. सगळं समजतं, शब्द सापडत नाही. ज्या माणसाला अख्ख्या भाऊबंदकीची वंशावळ तोंडपाठ, तो माझं नाव घेताना अडतो.

आता भांडण. पहिलं भांडण 'वारं' या शब्दाशी. शब्दात काय आहे म्हणाल, तर उपचार आहे! वारं लागलं म्हटलं की खिडकी बंद, ऊब, मालिश हे ओघानंच आलं. गुठळी म्हटलं असतं तर कुणी गोधडी शोधली नसती. बरं, हा शब्द टिकला का? कारण तो अधूनमधून खरा ठरल्यासारखा वाटतो. चेहऱ्याची एक नस सुजून अर्धं तोंड लुळं पडतं, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. गावात त्यालाही 'वारं'च. यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत-महिन्यांत बरे होतात. मग क्रेडिट कुणाला? तेलाला, पारव्याला, हातगुणाला. एकाच नावाखाली दोन वेगळे बग लॉग केलेत, आणि आपोआप बऱ्या होणाऱ्या बगचा उपाय जीवघेण्या बगला लावतोय.

फिटचं तेच. फेफरं आलं की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढाच वेळ कांदा शोधून फोडायला लागतो! कांदा नसता तरी थांबलीच असती. करायचं इतकंच: आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. ५ मिनिटांच्या वर चालली, शुद्धीवर न येता पुन्हा आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर सरळ हॉस्पिटल.

हसू नका गावाला. आपण काय वेगळं करतो? सर्व्हर अडकला, रिस्टार्ट केला, चालला. रूट कॉज गेलं खड्ड्यात.

आणि म्हणून दुसरं भांडण माझ्याशी. गावानं सकाळी चूक केली, मी आदल्या संध्याकाळीच केली होती. कप पडणं, जीभ जड होणं आणि थोड्या वेळात सगळं ठीक. याला टीआयए म्हणतात, बोलीभाषेत छोटा झटका. गुठळी आली आणि सरकली. यानंतरच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, त्यातही पहिले दोन दिवस. प्रॉडक्शनमध्ये रात्री अलर्ट आला आणि दहा मिनिटांत आपोआप क्लियर झाला, तर मी लॉग उघडून बसतो. काकांचा अलर्ट क्लियर झाला तेव्हा मी तिकीट बंद केलं. 'उद्या बघू' हे गावातल्या कुणाचं वाक्य नव्हतं. पुण्यात बसलेल्या, बीई झालेल्या माझं होतं.

तेव्हा मंडळी, पाठ करा. तोंड: हसायला सांगा, एक बाजू खाली राहते का? हात: दोन्ही वर धरायला सांगा, एक खाली येतो का? बोलणं: साधं वाक्य म्हणायला सांगा, अडखळतंय का, भलतंच बोलतायत का? एका डोळ्यानं अचानक दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, हेही त्यातच. यातलं एक जरी अचानक झालं तरी वेळ लिहून ठेवा आणि निघा. १०८ लावा. ॲस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. चहा-पाणीही नको, गिळता न आल्यानं ठसका लागून फुप्फुसात जातं. अशा वेळी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक हिशोब २००६ साली मांडला गेला. तुमचा स्टँडअप पंधरा मिनिटांचा असतो ना? करा गुणाकार.

"म्हणजे हाताला मुंग्या आल्या की धावायचं का?" नाही रे बाबा. दिवसभर माऊस धरून रात्री बोटांना मुंग्या येतात, ती बहुतेक वेळा मनगटातली दबलेली नस असते. डॉक्टरांना दाखवा, पण त्यासाठी १०८ नको. कळीचा शब्द 'अचानक'. आणि दुसरा कळीचा शब्द 'चढत जाणारं'. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसची साथ आली, दोनशेवर संशयित रुग्ण सापडले, काही दगावले. तिथे तर आपल्यातले अर्धे लोक राहतात. त्यात आधी जुलाब, मग काही दिवसांनी दोन्ही पायांत मुंग्या, मग जिना चढता न येणं, मग हात. असं वर सरकत असेल तर थांबू नका, कारण पुढचा मुक्काम श्वासाचे स्नायू असू शकतात.

आता नेहमीचा आक्षेप. "अरे, खान्देशात कुठे आहेत सोयी? लोकांनी जायचं कुठे?" सोयी कमी आहेत, मान्य. त्यासाठी भांडायलाच हवं. प्रत्येक तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन नाही, रात्री स्पेशालिस्ट मिळेलच असं नाही. पण धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे, जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालं. दोन्ही शहरांत सीटी स्कॅन होतं. आम्ही जे नऊ-साडेनऊ तास घालवले, ते सोय नव्हती म्हणून नाही. घरात ओळखणारा कुणी नव्हता म्हणून. आणि ज्याला ओळखता यायला हवं होतं, तो म्यूटवर होता.

म्हणून या वीकेंडला एक काम करा. घरी फोन लावा. आधी तुम्हीच चौकशी करा, की आपल्या गावाहून सर्वांत जवळ कुठल्या हॉस्पिटलात रात्रीसुद्धा सीटी स्कॅन होतं आणि ते इंजेक्शन देतात. तो नंबर घरी फ्रिजवर लावायला सांगा. आईला तोंड-हात-बोलणं शिकवा. आणि संध्याकाळी "आता बरं शे" असा फोन आला, तर "आत्ता निघा" म्हणा.

आप्पांना परवा फोन केला. माझं नाव तिसऱ्या प्रयत्नात आलं. मी थांबलो तेवढा वेळ. अनम्यूट होतो.

असो. इंडेक्सिंग पुढच्या शनिवारी.