झरा कोणाचा?

फ्लॉरिडातील जिनी स्प्रिंग्जच्या बारमाही २२ अंश तापमानाच्या नितळ पाण्यात बुडी मारू इच्छिणारा हौशी पाणबुड्या हवेची टाकी, दिवे, प्रमाणपत्र यांची काटेकोर आखणी करतो; प्रवेशशुल्कही निमूटपणे भरतो. परंतु ज्या भूजलावर हा झरा जगतो, त्याची राखण कोणी करायची? २०२१ साली तेथील जलव्यवस्थापन मंडळाने, नागरिकांचा विरोध असतानाही, बाटलीबंद पाण्याच्या धंद्यासाठी रोज सुमारे ३७ लाख लिटर उपशाचा परवाना दिला. अर्जाचे शुल्क अवघे ११५ डॉलर! पाहुण्याला तिकीट आणि भांडवलदाराला खिरापत, हा कोणता न्याय? केरळातील प्लाचीमाडाच्या आदिवासींनी याच प्रश्नावर लढा दिला आणि २००४ साली तेथील शीतपेयाचा कारखाना बंद पडला. भूजल ही समाजाची ठेव आहे. तिचा हिशेब समाजानेच मागितला पाहिजे!