शेरास सव्वाकिलो

वर्तमानपत्रांना एक खोड आहे. 'अमुक बंद', 'तमुक सुरू' असा ठसठशीत मथळा छापायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्या मथळ्यामागे धावायचे. त्या बंद-सुरूनंतर तुमच्या-आमच्या घरात काय गोंधळ उडाला, हे विचारायला बातमीदार कधी फिरकत नाही. वाचकहो, ते राहिलेले काम या दिवाळीला मी अंगावर घेतले आहे. सामग्री घरचीच. लुगड्यांना कसर लागू नये म्हणून आमच्या आईने ट्रंकेत घडीघडीखाली जुनी वर्तमानपत्रे घातली होती. लुगडी केव्हाच विरली. मथळे शाबूत आहेत.

पहिले पान १९५५ सालचे. तोवर देशाच्या घड्याळाखेरीज 'मुंबई टाइम' नावाची आणखी एक वेळ मुंबईत चाले. ती ३९ मिनिटे मागे असे. देशात दहा वाजले की मुंबई टाइमाचे नऊ एकवीस! ती वेळ गेली, एवढेच मथळा सांगतो. पुढची हकिगत अशी असणार: "साहेब, मी मुंबई टाइमाने आलो," या एका वाक्यावर ज्यांनी निम्मी नोकरी काढली, ते गिरगावातले कारकून एका रात्रीत उघडे पडले. त्याहून मोठा घोळ पत्रिकांचा. वरपक्षाने मुलीच्या वडिलांना विचारले, "जन्मवेळ कुठल्या घड्याळाची?" ते म्हणाले, "भिंतीवरच्या." मग ३९ मिनिटे मिळवून पाहिली, तेव्हा मुलीचा मंगळ गेला, वजा करून पाहिली, तेव्हा तो मुलाला आला. शेवटी दोघांच्या आयांनी घड्याळाकडे पाठ फिरवून याद्या केल्या.

दुसरे पान १ एप्रिल १९५७ चे. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे नि एकशे ब्याण्णव पया गेल्या आणि शंभर नये पैसे आले. आण्याचे होतात सव्वासहा. पण पाव पैसा टाकसाळीत नव्हता. म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस! आता यात एखाद्या चाणाक्ष आजीला काय दिसेल? चार आण्यांची कोथिंबीर एकदम आणली तर पंचवीस नये पैसे. आण्या-आण्याची चारदा आणली तर चोवीस. झाले! चाळीतली यच्चयावत नातवंडे जिन्यावरून खालीवर पळू लागली. महिन्याकाठी तीस नये पैसे वाचले आणि चपलांच्या तळव्यांना दोन रुपये लागले.

भाजीवालाही कच्चा नव्हता. त्याने आण्याचे सरळ सात केले. म्हणजे रुपयाचे एकशे बारा. हे मात्र मी कल्पनेने लिहीत नाही. त्या अंकाच्या कोऱ्या कडेला आईने पेन्सिलीने मांडलेली बेरीज आहे आणि तिच्याखाली 'कमी पडले' एवढे दोनच शब्द. ती तूट कुणी भरून काढली, हे कुठल्याच मथळ्यात नाही. त्या महिन्यापासून तिने दुपारचा चहा सोडला, एवढे मला आठवते. विचारले तर म्हणे, "पित्त होतं रे."

तिसरे पान १९६२ चे. ३ फेब्रुवारीपासून मकर राशीत अष्टग्रही. जग बुडणार म्हणून जिकडेतिकडे यज्ञ पेटलेले. आणि १ एप्रिलपासून शेर रद्द, किलो सक्तीचा! जग बुडाल्यावर दोन महिन्यांनी वजने बदलणारे सरकार आशावादीच म्हटले पाहिजे. वाण्याने दोन तारखेलाच गिऱ्हाइकांना गाठले असेल: "साहेब, बुडण्याआधी उधारी तेवढी—" साहेब म्हणाले असतील, "अहो, जग बुडालं तर पैसे घेऊन जाणार कुठं? आणि नाही बुडालं तर सहा तारखेला देतोच की!" जग राहिले. उधारीही राहिली.

मग किलो आला आणि भाषेची पंचाईत झाली. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. तेव्हा 'शेरास सव्वाशेर' हा सामना तसा बरोबरीतला होता. 'शेरास सव्वाकिलो' म्हटले की समोरचा सव्वापटीहूनही जास्त अंगावर येतो. छटाकभर पोराला आता अठ्ठावन्न ग्रॅमचे पोर म्हणायचे की काय? आणि 'सोळा आणे खरं' बोलणाऱ्यांनी साक्ष द्यायची कशी?

एवढ्यात १९६३ उजाडले. सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. चोख सोने चोवीस कॅरेटचे. या हिशेबाने आमची 'बावनकशी' माणसे एका दिवसात तीसकशी झाली. लग्नात व्याहीबाई विहिणीला म्हणाल्या असतील, "आमची मुलगी म्हणजे अगदी चौदा कॅरेट हो!" तो कायदा पुढे १९९० साली गेला, पण विहिणी ते विसरल्या असतील असे वाटत नाही.

घड्याळ, नाणे, वजन, सोने, सगळे बदलले. एक माप मात्र कुठल्या मथळ्यात आले नाही, म्हणून वाचले. ते म्हणजे वाटी. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या चणाडाळ, एक वाटी उडीदडाळ हे प्रमाण शेराच्या राज्यात होते, तेच किलोच्या राज्यात आहे. सगळ्यांच्या वाट्या काठोकाठ भरायच्या आणि तूट आली तर आपल्या वाटीत घ्यायची, हा हिशेबही त्याच मापाचा.

तेव्हा यंदा फराळाला बसून सकाळच्या मथळ्यावर खुशाल वाद घाला. फक्त चकल्या वाढणाऱ्या बाईच्या बशीत शेवटी किती उरल्या, तेवढे एकदा मोजून पाहा. त्याला शेर लागत नाही आणि किलोही लागत नाही.