मुलीची पाठ पाहिली का?

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. शाळा सुरू होताना शेजारच्या तेरा वर्षांच्या मुलीचा गणवेश त्यांनी शिवला, तर कमीजचा घेर एका बाजूने सारखा वर चढे. दोनदा उसवून शिवले, तरी तेच. शेवटी त्या मुलीच्या आईला म्हणाल्या, "वहिनी, माझी कात्री चुकलेली नाही. पोरीचा खांदाच वर आहे." आई म्हणाली, दप्तराचे ओझे. बापाने "ताठ चाल" म्हणून दटावले. आम्हीही तेच केले असते, हे कबूल करतो.

एक्स-रे काढल्यावर कळले, स्कोलिओसिस. यात पाठीचा कणा बाजूला वाकतो आणि वाकताना पिळतोही. म्हणून एका बाजूच्या बरगड्या मागून उचललेल्या दिसतात. हा वाक दप्तराने येत नाही, कुशीवर झोपल्याने येत नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही. साधारण दहा वर्षांनंतर, अंग भरभर वाढते तेव्हा तो दिसू लागतो, आणि मुलांपेक्षा मुलींचा वाक वाढत जाण्याचा धोका कितीतरी जास्त. या वयात सहसा तो दुखत नाही, घोटाळा इथेच होतो. पोर मोरीत स्वतःची आंघोळ करू लागते, अंगावर ओढणी येते, मग घरात तिची पाठ पाहतो कोण?

पाहायला पैसा लागत नाही. आईने मुलीला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही हात जोडून पुढे ओणवे व्हायला सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे. मालीशवाल्याकडे नको.

वाक दहा अंशांपर्यंत असेल तर त्याला रोग म्हणत नाहीत. थोडा जास्त असला तरी माणसे नोकरी, बाळंतपण सगळे नीट करतात. पंचवीसच्या पुढे गेला आणि वाढ बाकी असली, तर पट्टा देतात. तो रोज सोळा-अठरा तास बांधायचा. पट्टा कणा सरळ करत नाही, वाक वाढू देत नाही. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. वाक फारच मोठा झाला तर छातीचा पिंजरा आवळतो, फुप्फुसाला जागा पुरत नाही, जिना चढताना धाप लागते.

आईने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "हिचे लग्न कसे होणार?" डॉक्टरांनी उलट विचारले, "पाळी कधी सुरू झाली?" कारण त्यानंतर दोनेक वर्षांत उंची वाढणे थांबत येते, आणि मग पट्ट्याचा उपयोग राहत नाही. या मुलीच्या हाती अजून वेळ होता.

हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत असे पट्टे मापाने करतात. मुलीने तो उन्हाळ्याच्या घामातही बांधला, आतून बनियन घालून. ताईंनी नवा गणवेश चार बोटे सैल शिवला आहे. शिलाई मात्र घेतली नाही.